अठ्ठेचाळीस सेकंद

टॉरन्सला आमच्या गल्लीत एकोणीस घरं होती
आणि नकाशा एकच;
उलटा करून छापला की शेजारचं घर व्हायचं.
किप टॅनहिलच्या गॅरेजात आम्ही तिघं.
ॲम्प वॉशिंग मशीनवर,
त्यामुळे चादरी धुवायच्या असल्या की तालीम बंद.
किपचा बाप क्षेपणास्त्राच्या नाकातला एक स्क्रू बनवायचा,
कुठल्या क्षेपणास्त्राच्या, ते त्यालाही सांगितलेलं नव्हतं.
रविवारी तो हिरवळ कापायचा
न्हाव्यानं मानेवरून वस्तरा फिरवावा तशी,
श्वास रोखून.

आम्हाला कॉर्ड तीन येत, राग एकच,
तो कुठल्याही प्रहरी चालायचा.

गाणं बसवलं मिसेस ऑस्टरगार्डवर.
कोपऱ्यातलं घर, रहिवासी संघाची चिटणीस,
लोकांचं गवत फूटपट्टीनं मोजते,
तीन इंचांवर गेलं की दारात पत्र.
अठ्ठेचाळीस सेकंद, त्यात तिचं आडनाव अकरा वेळा.
रूडी एस्कोबेडो ते असं ओरडायचा
जसा घशात माशाचा काटा अडकलाय
आणि मासा अजून जिवंत आहे.

एका गुरुवारी दार अर्धं उघडं राहिलं.
आधी पांढऱ्या सँडल दिसल्या,
मग पाकीट धरलेला हात,
मग वाकून ती सबंध आत आली.
'फूटपट्टी नव्हे,' म्हणाली, 'शिवणाची टेप.
आणि तीन नाही, अडीच इंच.
चुकीचं लिहू नका, लोक हसतील.'

किपची काठी हातातच राहिली.
ती साबणाच्या खोक्यावर टेकली,
गुडघे जुळवून, चर्चमध्ये बसतात तशी.

'गवताचं काय घेऊन बसलात?
चौऱ्याऐंशी नंबरात नवराबायको सात वर्षं
फ्रीजवरच्या चिठ्ठ्यांतून बोलतात.
समोरच्या हॅलोरनची नोकरी जाऊन पाच महिने झाले.
रोज साडेसातला टाय बांधून निघतो,
समुद्रावर गाडीत बसतो, साडेपाचला परत.
बायको डबा देते. तिलाही माहीत आहे.
पलीकडे पियानो आहे, वाजवता कुणाला येत नाही,
धूळ मात्र सुरात पुसतात.'

आम्ही हसलो. तीही हसली, जरा उशिरा.

इथल्या गॅरेजची दारं म्हणजे झाकली मूठ,
सव्वा लाखाची; हप्ते वेगळे.

मग पाकिटाचा कोपरा दुमडत,
रूडी सोडून सगळीकडे बघत ती म्हणाली,
'मार्चच्या सभेत ठराव झाला.
एका कुटुंबाला बावन्न नंबरचं घर मिळू नये.
ठरावात तसं लिहिलेलं नाही,
ठरावात "परिसराचा दर्जा" असं आहे.
अक्षर माझं आहे. सुवाच्य.
माझाही हात वर होता.'

रूडीच्या घरचे तेव्हा हमरस्त्यापलीकडे भाड्यानं राहत.
त्याची आई मार्चमध्ये पडदे शिवत होती,
एकदम थांबली.
का, ते तिनं कधी सांगितलं नव्हतं.

पाकीट किपच्या बापाला होतं:
गवत पावणेतीन इंच, आठ दिवसांची मुदत.
ते मशीनवर ठेवून ती गेली.

नवं गाणं एकतीस सेकंदांचं झालं.
त्यात कुणाचंच नाव नाही.
तीनशे तबकड्या काढल्या; एक तिनं घेतली,
दोन डॉलर मोजून दिले, आणि पावती मागितली.

पहिल्यांदा ते वाजवलं सॅन पेड्रोच्या एका हॉलमध्ये,
जिथं शनिवारी म्हातारे पत्ते खेळत.
दीडशे पोरं, घामानं भिजलेली,
आपापल्या गल्लीतून पळून आलेली.
रूडी ओरडला: ठरावाच्या बाजूनं कोण?

आणि हात वर झाले.
सगळेच. आनंदानं.
कुणी उडी मारून दोन्ही हात वर केले.
किप वाजवत राहिला, मीही,
रूडी तेवढा गायचा थांबला
आणि बोटानं, सावकाश,
हात मोजू लागला.